कोकी पोटात गेल्याशिवाय बस सुटत नाही

उल्हासनगर कॅम्प चारपासून पार बदलापूरपर्यंत एखादं पोर सकाळचं उपाशी असेल, तर ते अजून आमच्या भाभींच्या नजरेला पडलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. नजरेला पडलं आणि तरी उपाशी राहिलं, असं पोर मी पाहिलेलं नाही. भाभी म्हणजे आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई. कारखाना म्हटला की एमआयडीसीतल्यासारखी धूर सोडणारी चिमणी डोळ्यांपुढं आणू नका. एका गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, शिलाईची मशिनं आणि छताला टेकलेले जीन्सच्या पँटींचे ढीग, एवढाच कारखाना. वरच्या मजल्यावर भाभी राहतात. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम माझ्याकडं. वाशीमकडच्या खेड्यातून लग्न होऊन अंबरनाथला बुवापाड्यात आले, नवरा एमआयडीसीत शिफ्टला जायचा, मी दिवसभर खोलीत एकटी. शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळं कुणी काम देईल असं वाटत नव्हतं. धीर करून भाभींच्या दारात उभी राहिले, तर त्यांनी शिक्षण विचारलं नाही की कात्री धरता येते का तेही विचारलं नाही. नाश्ता झाला का, एवढंच विचारलं. झाला म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, "झूट" म्हणाल्या आणि आत जाऊन ताटली घेऊन आल्या. ती संपवली तेव्हा मला काम लागलेलं होतं.

भाभींना नावं लक्षात राहत नाहीत. राहत असतील तरी त्या वापरत नाहीत. बाई जिथून आली तेच तिचं नाव. मी वाशीमवाली, इलॅस्टिक लावणारी बदलापूरवाली, मशिनवरची एक मालवणवाली. नमस्कार, रामराम, कसं काय, हे शब्दही त्यांच्याकडं नाहीत, त्या सगळ्यांऐवजी "नाश्ता?" एवढंच. मीटर बघायला येणारा माणूस त्यांच्या घराचं रीडिंग नेहमी शेवटी घेतो, कारण त्यानंतर त्याला जिने चढता येत नाहीत. एकदा एक व्यापारी खराब शिलाईचा माल परत करायला टेम्पो घेऊन आला. चांगलाच तापलेला होता. भाभींनी त्याला आधी बसवला, पापड दिला, पाणी दिलं, मग खायला वाढलं, मग पुन्हा वाढलं. खाऊन उठला तेव्हा त्याला वाकून गठ्ठे उतरवता येईनात. बराच वेळ टेम्पोला टेकून उभा राहिला आणि माल तसाच परत घेऊन गेला. बदलापूरवाली अजून शपथेवर सांगते की गल्लीच्या तोंडाशी त्यानं टेम्पोतच डुलकी काढली.

हे सगळं होतं ते कोकीमुळं. कोकी म्हणजे सिंधी घरातली जाड पोळी. कणकेत कांदा, मिरची, कोथिंबीर, सढळ हातानं तेल. एकदा अर्धी भाजायची, उतरवून पुन्हा लाटायची आणि मग मंद आचेवर तूप सोडत इतका वेळ भाजायची की समोर उभ्या माणसानं आशा सोडावी. कुणाच्याही हातची कोकी खाल्ली तर माणूस दुपारपर्यंत जेवणाचं नाव काढत नाही. भाभींच्या हातची खाल्ली तर संध्याकाळपर्यंत कशाचंच काढत नाही. मी पहिल्यांदा खाल्ली त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यापुरताच स्वयंपाक केला, आणि मला काय झालं म्हणून तो घाबरला.

पण भाभींचं खरं रूप बघायचं तर दिवाळीनंतर बघावं. सीझनचा माल गेला की त्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांच्या मुलांना खोपोलीकडच्या मोठ्या पार्कात नेतात. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याच्या लाटा, उलटं लटकवणारी गाडी, सगळं तिथं आहे. फक्त बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. फाटकावर पिशव्या उघडून बघतात. हा नियम भाभींना पहिल्यांदा कळला तेव्हा त्यांच्या तोंडावर आलेलं भय मी कधी विसरणार नाही. लेकरं दिवसभर रांगेत उभी राहणार, नंबर जवळ आला की भूक लागणार, आणि आपण जाळीच्या या बाजूला. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की दिवसाचं सगळं खाणं बस सुटायच्या आधीच पोटात गेलं पाहिजे. त्या स्वतः पार्कात आत कधी जात नाहीत. बसच्या सावलीत खुर्ची टाकून, मांडीवर डबा घेऊन, फाटकाकडं बघत बसतात. न जाणो एखादं भुकेनं बाहेर आलंच तर. अजून एकही आलेलं नाही. त्या डब्यातलं फाटकावरचा वॉचमनच खातो आणि म्हणे वर्षभर वाट बघतो.

कोणता नाश्ता द्यायचा, हे भाभी मनानं ठरवत नाहीत. आमच्या धंद्यात सॅम्पल पास झाल्याशिवाय लॉट कापत नाहीत. एक पँट आधी शिवायची, ताणून बघायची, धुऊन बघायची, मग बाकीच्या. भाभींनी तोच कायदा पोटाला लावला. आदल्या रविवारी गल्लीतल्या दोनतीन पोरांना सॅम्पल नाश्ता. खाऊन झालं की त्यांना कापडाचे तागे ओढायच्या हातगाडीवर बसवायचं आणि प्रेसवाल्या भैयानं ती गाडी गल्लीभर पळवायची, वळणावर गरकन फिरवायची, गटाराच्या झाकणावरून उडवायची. पोटातलं पोटात राहिलं तर सॅम्पल पास. एका वर्षी गोड शेवया आणि बटाट्याचं सॅम्पल होतं. दुसऱ्याच फेरीत एक पोरगं धुऊन आलेल्या पँटींच्या गठ्ठ्यावर ओकलं. आम्ही बायका कपाळाला हात लावून बसलो, आणि भाभींचा चेहरा मात्र खुलला. बरं झालं, सॅम्पलमध्येच निघालं, लॉटमध्ये निघालं असतं तर काय केलं असतं, असं त्या दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या. दुधाला त्यांनी कायमची बंदी घातली आहे, दूध गाडीत नाचतं म्हणून. केळं फक्त खिडकीपाशी बसणाऱ्याला. पाणी घोटघोट. शेवटी पापड, म्हणजे वरून झाकण लागलं. या झाकणाबद्दल त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

घरून खाऊन आलेलं चालत नाही. घरच्या नाश्त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बस अंबरनाथवरून, बदलापूरवरून, कर्जतवरून पुढं जाणार, हे आंधळ्यालाही कळावं. तरी बदलापूरच्या पोरांनी उजाडायच्या आत उलटं कॅम्प चारला यायचं, गल्लीत मांडी घालून कोकी खायची आणि मग त्याच बसमधून स्वतःच्या घरावरून पुन्हा जायचं. बदलापूरवालीनं एकदा तिचा मुलगा गोलू नाक्यावर उभा राहील का, असं विचारून बघितलं. भाभींनी तिच्याकडं असं बघितलं की त्या वर्षी गोलू सगळ्यांच्या आधी येऊन बसला. खाऊन झालं की चेकिंग. तपासलेल्या पँटीला आम्ही लावतो तेच गोल ओकेचं स्टिकर भाभी हातात घेऊन उभ्या. पोरानं तोंड उघडायचं, जीभ दाखवायची. मग त्या दोन बोटांनी पोट दाबणार, पँटीचं बटण घट्ट आहे का ते दाबून बघतात तसंच. पोट बोटाला दाद देत नाही असं दिसलं की शर्टावर स्टिकर, आणि स्टिकर असेल तरच बसची पायरी. नसेल तर पोरगं बाजूला, अल्टरच्या ढिगात. अल्टर म्हणजे दुरुस्तीला परत. रिजेक्ट हा शब्द भाभींनी पोरांसाठी कधी वापरला नाही.

गेल्या वर्षी माझी समू पहिल्यांदा जाणार होती, माझ्याशिवाय. समू म्हणजे समृद्धी, तेव्हा दुसरीत. तिची गोष्ट अशी, की सकाळी तिच्या पोटात काही जात नाही. परीक्षा असली की जात नाही, पाहुणे येणार असले की जात नाही, भीतीनं जात नाही आणि आनंदानं तर मुळीच नाही. घास गालात धरून बसते आणि माझ्याकडं बघत राहते. मीही तिच्याकडं बघत राहते. शाळेत प्रार्थनेला उभी असताना अशीच उपाशीपोटी चक्कर येऊन पडली, हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून सकाळी मी तिचे घास मोजते. पार्कातल्या त्या उंच घसरगुंडीचं चित्र तिनं भिंतीवर चिकटवलं होतं, आणि मला त्यात शेवटच्या पायरीवर भोवळ येणारी माझी पोरगीच दिसायची. पाठवू नये असं रोज वाटायचं. पण भाभींनी आपण होऊन तिचं नाव धरलेलं, आणि या गावात ज्या बाईनं मला बसायला जागा दिली तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? आदल्या संध्याकाळपासून मी समूला सांगत होते, सकाळी नीट खायचं बरं का. झोपताना सांगितलं. उठवताना तर आधी तेच सांगितलं.

अंधार असतानाच आम्ही रिक्षानं कॅम्प चारला पोचलो. गल्लीत शेगडी पेटलेली, तुपाचा वास, सतरंजीवर पोरं ओळीनं बसलेली, प्रत्येकापुढं कोकी, वाटीत दही. भाभी उलथनं घेऊन फिरत होत्या. मी समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले, समू नीट दिसेल अशी. तिनं एक तुकडा मोडला. तोंडात घातला. गाल फुगला, आणि फुगलेलाच राहिला. शेजारी गोलू बसला होता. त्याची ताटली केव्हाच साफ झाली होती, त्याला जीभ दाखवून, पोट दाबून घेऊन स्टिकर मिळालेलं होतं, आणि तो परत येऊन बसला होता. मी बघत असतानाच समूची कोकी ताटलीतून त्याच्या मांडीवर गेली आणि मांडीवरून तोंडात. भाभी शेगडीकडं वळल्या होत्या. गोलूनं आपल्या शर्टावरचं स्टिकर अलगद सोडवलं आणि समूच्या फ्रॉकवर चिकटवलं. स्वतः पुन्हा चेकिंगच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचं पोट दोनदा ओके झालं यात काही खोटं नव्हतंच.

समू बसमध्ये चढली. खिडकीपाशी बसली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. तिच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं हसू होतं. मी काही बोलले नसते तर ती गेली असती. कुणाला कळलं नसतं, आणि कदाचित काही झालंही नसतं. पण मला ते टाके दिसत होते. मी पुढं गेले आणि भाभींना म्हणाले की समूनं खाल्लेलं नाही, ते स्टिकर गोलूचं आहे.

भाभींनी गोलूच्या हातातलं केळं फक्त काढून घेतलं. समूला खाली उतरवलं, पुन्हा सतरंजीवर बसवलं, तव्यावरची ताजी कोकी तिच्यापुढं ठेवली. समू माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. बसमधून पोरं डोकी काढून बघायला लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून सांगत होता की उशीर झाला तर कर्जतच्या पुढं ट्रॅफिक लागेल. मालवणवाली म्हणाली राहू दे, पुढच्या वर्षी जाईल. बदलापूरवाली म्हणाली बिस्किट दे ना दोन. मी समूपुढं उकिडवी बसले, तुकडा मोडून तिच्या तोंडाशी नेला, खा बाई, तुला माझी शपथ म्हणाले. तिनं तोंड उघडलं, तुकडा आत घेतला आणि तिचे डोळे पाण्यानं भरले. गिळता येईना. मला वाटलं झालं, राहिली पोरगी. आपणच ठेवली.

तेवढ्यात खांद्यावर भाभींचा हात पडला.

"वाशीमवाली, तू घरी जा."

मी म्हणाले, "भाभी, एवढं तिनं खाल्लेलं बघते आणि जाते."

"तेच नको बघू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुझी मुलगी उपाशी नाही. हिचं पोट फुल आहे. काल रात्रीपासून तू हिला तुझी काळजी खिलवतेय. माझ्या कोकीला जागा कुठे ठेवली तू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. भाभींनी मला धरून उठवलं आणि गल्लीच्या तोंडाकडं वळवलं, एखाद्या पोराला शाळेच्या फाटकाकडं वळवावं तसं. मागं बघायचं नाही म्हणाल्या. मी चालत गेले. वळणावर एका बंद दुकानाच्या शटरकडं तोंड करून उभी राहिले. मागं कुणी काही बोलत होतं, भाभी असाव्यात, पण शब्द कळत नव्हते. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग बसचा आवाज जवळ आला, पाठीमागून गेला आणि लांब होत गेला. मी शटरवरची अक्षरं बघत राहिले.

परत गल्लीत आले तेव्हा सतरंजी गुंडाळलेली होती. समू नव्हती. म्हणजे गेली, एवढं कळलं. पण खाल्लं की नाही? ताटल्या एकावर एक रचून नळाखाली ठेवलेल्या, सगळ्या सारख्या. त्यातली तिची कोणती हे कळायला मार्ग नव्हता.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. धागा समजून एका पँटीचा पट्टा ओवायचा लूप कापला. भाभींचा फोन लागत नव्हता. लागला असता तरी त्यांनी उचलला नसता. शेवटी वाशीमला मायला फोन लावला. सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, तूही अशीच होतीस की. मग तू काय करायचीस, मी विचारलं. काय करणार, म्हणाली, वावरात निघून जायची, मी गेल्यावर तू मुकाट खायचीस असं तुझी आजी सांगे. ही गोष्ट तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. मीही कधी विचारली नव्हती.

संध्याकाळी बस आली. पोरं झोपेनं पेंगत, ओल्या केसांनी उतरत होती. समू उतरली ती स्वतःच्या पायांनी. मी तिची हनुवटी बघितली, गुडघे बघितले, कपाळाला हात लावला. तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

सात वर्षांत पहिल्यांदा. मी तिथंच पायरीवर बसले. भाभी सगळ्यांत शेवटी, दाराचा दांडा धरून एकेक पाय टाकत उतरल्या. मला काही बोलायचं होतं, पण त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि कठड्याला धरून वर निघून गेल्या. त्या सकाळी मी गेल्यावर काय झालं, भाभी काय म्हणाल्या, अख्खी कोकी खाल्लीस की अर्धी, हे मी समूला किती वेळा विचारलं असेल. ती एवढंच सांगते, ते भाभींचं आणि माझं आहे.

यंदा भाभींचे गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत. दिवाळीनंतर बस गेली, पण त्यांच्याशिवाय. कोकी मालवणवालीनं भाजल्या. वर खिडकीत बसून भाभी प्रत्येक कोकीला नावं ठेवत होत्या, आणि मग न राहवून स्वतः केलेल्या चार दोरीला टोपली बांधून खाली सोडल्या. कुणाला द्यायच्या ते सांगितलं नाही. पोरांनी त्या मोडून सगळ्यांत वाटल्या. बस निघाली तेव्हा सगळी पोरं खिडकीकडं बघत हात हलवत होती, आणि भाभी हात हलवायचा सोडून वरूनच त्यांची पोटं न्याहाळत होत्या. इतक्या लांबून त्यांना काय दिसत असेल कोण जाणे. बस वळल्यावरही त्या कितीतरी वेळ त्या रिकाम्या गल्लीकडं बघत बसल्या. मी वर गेले. नाश्ता केला का, मी त्यांना विचारलं. आजवर त्यांना हे कुणी विचारलं नसावं. त्या झाला म्हणाल्या. मी आत जाऊन ताटली घेऊन आले, त्यांच्यापुढं ठेवली आणि न थांबता खाली उतरले.

घरी आता सकाळी मी समूला वाढते आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहते. मागून चावण्याचा आवाज येतो. मध्येच थांबतो. थांबला की माझाही हात भांड्यावर थांबतो. मी वळत नाही. मग तो पुन्हा सुरू होतो.